विमानप्रवासात तिकिटाच्या आजूबाजूला गळणारे पैसे : अनुभव आणि उपाय

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी दिराच्या मुलीचं लग्न दिल्लीला होतं. पुण्याहून पाच तिकिटं काढली होती : मी, नवरा, सात आणि दहा वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. दोन महिने आधी काढली, बरीच स्वस्त पडली, म्हणून खूश होते. परत आल्यावर एका रविवारी वही घेऊन सगळा खर्च मांडला, तेव्हा लक्षात आलं की तिकिटात वाचलं होतं त्याहून जास्त आजूबाजूला गेलं. शेजारी शेजारी बसता यावं म्हणून जागांचे पैसे भरले. एक बॅग अडीच किलो जास्त भरली, त्याचे वेगळे. मुलांना भूक लागली म्हणून दोन सँडविच आणि एक ज्यूस घेतला, त्या पैशात घरी दोन दिवसांची भाजी आली असती. विमा नको होता, तरी त्याची खूण आधीच केलेली होती आणि ती माझ्या नजरेतून निसटली.

सगळ्यात मोठा फटका मात्र वेगळाच. निघायच्या चार दिवस आधी सासूबाईंचा न्हाणीघरात पाय घसरला आणि मनगट मोडलं. नवरा त्यांच्याजवळ थांबला आणि मी मुलांना घेऊन गेले. दोन तिकिटं रद्द करायला बसले तर रद्द करण्याचं शुल्कच जवळपास भाड्याइतकं दिसत होतं. मग रद्दही केली नाहीत, तशीच सोडून दिली. "नॉन-रिफंडेबल आहेत, गेले पैसे" असं धरून चालले.

दिवाळीत भाचा आला होता, त्याच्यापाशी हा विषय निघाला. तो म्हणाला, "मावशी, भाडं गेलं. कर कुठे गेले?" तिकिटाची पावती उघडून त्याने एकेक ओळ दाखवली. मूळ भाडं आणि इंधन अधिभार हे कंपनीचे. त्याखाली विमानतळ वापराचं शुल्क, म्हणजे यूडीएफ, आणि सुरक्षा शुल्क, जे एप्रिल २०२१ मधे देशांतर्गत प्रवासासाठी २०० रुपये झालं. हे पैसे कंपनी आपल्याकडून दुसऱ्यांसाठी गोळा करते. माणूस विमानतळावर गेलाच नाही तर ते ठेवून घ्यायचा तिला हक्क नाही. डीजीसीएचा, म्हणजे देशातल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, नियम स्पष्ट सांगतो की तिकीट रद्द केलं, वापरलं नाही किंवा प्रवासी आलाच नाही, तरी सगळे वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यायची. मूळ भाडं 'परत न मिळणारं' असलं तरीसुद्धा. परताव्याचं काम करण्यासाठी वेगळा आकार लावायचीही परवानगी नाही.

मी कंपनीला मेल लिहिली. पहिलं उत्तर आलं, "आपलं तिकीट परतावा न मिळणाऱ्या प्रकारातलं आहे." दुसऱ्या मेलमधे नियमाचा उल्लेख करून लिहिलं की मी भाडं मागत नाही, फक्त कर आणि विमानतळ शुल्क मागते आहे. तीन आठवड्यांनी दोन तिकिटांचे मिळून १,१४० रुपये खात्यावर आले.

रक्कम मोठी नाही. पण आपल्या घरांत लग्न, आजारपण, परीक्षा यांपायी किती तिकिटं अशी सोडून दिली जातात, त्याचा विचार करा. म्हणून हा धागा. तुमचे पैसे कुठे गळले आणि तुम्ही ते कसे अडवले, तेवढं लिहा. आकडे दिलेत तर फारच उत्तम.

वाटसरू_सातारा

वाचनखूण साठवली. हे खरंच ठाऊक नव्हतं. गेल्या दोन वर्षांत आमची तीन तिकिटं अशी सोडलेली आहेत.

तिकीटखिडकी

मी अकरा वर्षं तिकीट एजंटकडे काम केलं, त्यामुळे थोडं आतलं सांगतो.

चाफेकळीताईंनी लिहिलंय ते बरोबर. त्याला एक जोड : तिकीट एजंटकडून किंवा एखाद्या पोर्टलवरून काढलं असलं तरी परताव्याची जबाबदारी विमान कंपनीचीच. एजंट हा तिचा नेमलेला प्रतिनिधी असतो. "पोर्टलला विचारा" म्हणून टोलवलं तर हेच मेलमधे लिहा. दुसरं, परताव्याची रक्कम 'क्रेडिट शेल'मधे, म्हणजे पुढच्या प्रवासासाठी कंपनीकडेच जमा ठेवायची की रोख परत घ्यायची, हे प्रवाशाने ठरवायचं असतं. कंपनीने आपणहून तिथे टाकून मोकळं व्हायचं नाही.

आता तिकीट काढण्याबद्दल. लोक मला विचारायचे, "मघाशी ४,२०० दाखवत होतं, आता ४,९०० का? माझा शोध लक्षात ठेवून भाव वाढवतात का?" एका विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत वाटलेल्या असतात. आमच्या भाषेत बकेट. स्वस्त कप्प्यात समजा तीनच जागा उरल्यात आणि तुम्ही चौघांसाठी शोधलंत, तर चौघांनाही पुढच्या, महागड्या कप्प्याचा भाव लागतो. त्या तीन स्वस्त जागा तुम्हाला दिसतही नाहीत. म्हणून कुटुंबाचं तिकीट काढताना आधी एकासाठी शोधा, मग दोघांसाठी, मग तिघांसाठी. भाव कुठे उडी मारतो ते लगेच कळतं. तिथे तिकिटं दोन भागांत काढा. पाच जणांच्या तिकिटात माझ्या हातून दीड-दोन हजार वाचल्याची उदाहरणं बरीच आहेत.

ब्राउझरची खासगी खिडकी उघडून भाव उतरल्याचं मात्र मी कधी पाहिलं नाही.

चाफेकळी

तिकीटखिडकी, कप्प्यांचं पहिल्यांदाच कळलं! पण तिकिटं दोन भागांत काढली तर मुलं आपल्याजवळ बसतील का? त्यासाठीच तर आम्ही जागांचे पैसे भरले होते.

तिकीटखिडकी

चांगला मुद्दा काढलात. एप्रिल २०२४ मधे डीजीसीएने कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या, म्हणजे त्याच बुकिंग क्रमांकावरच्या, आई, बाबा किंवा पालकापैकी एकाच्या तरी शेजारची जागा द्यायची. म्हणजे मुलासाठी जागा विकत घ्यायची गरज नाही. पण 'त्याच पीएनआरवर' हे शब्द महत्त्वाचे. तिकिटं भागांत काढताना आई आणि एक मूल एका पीएनआरवर, बाबा आणि दुसरं मूल दुसऱ्यावर, असं करा. दोन्ही मुलं आजीच्या तिकिटात घातलीत आणि तुम्ही वेगळ्या पीएनआरवर राहिलात तर तुमच्याजवळची जागा हक्काने मागता येणार नाही.

आणखी एक. वेब चेक-इनच्या वेळी पडद्यावर बऱ्याच जागांपुढे किंमत दिसते. पुष्कळजण घाबरून पैसे भरतात. जागा निवडायचीच नसेल तर ती पायरी ओलांडून पुढे जा, यंत्रणा आपोआप देईल ती जागा फुकट असते. मधली मिळेल बहुतेक, पण पुणे-दिल्ली दोन तासांचा तर प्रवास.

कोकणवाट

काउंटरवर बोर्डिंग पास घेतला म्हणून आमच्याकडून माणशी दोनशे रुपये घेतले होते. तेव्हा आम्ही दिले. पुढे जुलै २०२२ मधे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने असे पैसे घ्यायचे नाहीत असा आदेश काढला. कोणी मागितलेच तर आदेश दाखवा.

वऱ्हाडी_ठेचा

माझा अनुभव मोठ्या रकमेचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. परदेशी लेकीकडे जाणाऱ्या सगळ्या आईबाबांनी हा वाचावा अशी फार इच्छा आहे.

माझी बहीण अमेरिकेत असते. तिच्या बाळंतपणासाठी आईबाबा निघाले. मुंबईहून अमेरिकेचं तिकीट बहिणीने काढलं, माणशी तेवीस किलोच्या दोन बॅगा. नागपूर-मुंबईचं तिकीट मी इथून वेगळं काढलं. घाईत एक गोष्ट लक्षात आली नाही, की वेगळ्या तिकिटावर देशांतर्गत नियम लागतो : माणशी पंधरा किलो. आईने डिंकाचे लाडू, आळीव, बाळाच्या गोधड्या, बाळंतविडा, जिऱ्याची पूड, सगळं बांधलेलं. नागपूरच्या काउंटरवर काटा बघितला आणि बाबा माझ्याकडे बघायला लागले. माणशी एकतीस किलो जास्त, आणि दर किलोमागे पाचशेच्या वर. दोघांचा मिळून आकडा तीस हजारांच्या पुढे चालला होता.

रांगेच्या कडेला जमिनीवर चारही बॅगा उघडल्या. आई एकेक पुडकं हातात घ्यायची, वास घ्यायची आणि पुन्हा आत ठेवायची. शेवटी निम्मं सामान मी घरी परत आणलं. गोधड्या गेल्या, लाडू राहिले. आणि तरीही नऊ हजार भरले.

यातून शिकलो ते असं. आंतरराष्ट्रीय प्रवासाचा देशातला टप्पा शक्यतो त्याच तिकिटावर घ्या, म्हणजे सामानाची मर्यादा पहिल्या विमानतळापासून मोठी मिळते. तिकीट थोडं महाग दिसलं तरी पाच-सात हजारांचा फरक सहज परवडतो. काही कंपन्या पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवलं तर वेगळ्या तिकिटावरही जास्त सामान घेतात, पण ते काउंटरवर जाऊन विचारायचं नाही, आधी मेलवर लेखी मागून घ्यायचं.

किंवा सरळ रेल्वे. दुसऱ्या खेपेला आईबाबांना विदर्भ एक्स्प्रेसने पाठवलं. एसी टू टियरला माणशी पन्नास किलो सामान चालतं, थ्री टियरला चाळीस. सकाळी दादरला उतरले, दिवसभर मामाकडे आराम केला आणि रात्री सहारचा विमानतळ गाठला. लाडू, आळीव, गोधड्या, सगळं गेलं.

रानजाई

वऱ्हाडी_ठेचा, काकूंचं वाचून गलबललं. माझ्या आईचाही असाच प्रसंग आहे.

मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी येऊन परत बंगळुरूला निघाले होते. आईने ओटी भरली. नारळ, तांदूळ, खण. ती ओटी तशीच हातातल्या पिशवीत. सुरक्षा तपासणीत नारळ अडला. तिथली बाई चांगली होती, म्हणाली, "ताई, मला कळतंय, पण जाऊ देता येत नाही." तेव्हापासून नारळ हातातल्या सामानात ठेवत नाही. आणि सुकं खोबरं तर हातातल्या सामानात नाही आणि विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतही नाही, कारण त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं. आपल्याकडे खोबऱ्याच्या वाट्या देण्याची पद्धत फार, म्हणून मुद्दाम सांगते. लोणचंही मोठ्या बॅगेतच टाका. याउलट पॉवर बँक नेहमी हातातल्या सामानात ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. तिच्यापायी बॅग परत उघडायला लावतात आणि त्या गडबडीत काहीतरी राहून जातं.

खाण्याचं म्हणाल तर घरचा डबा न्यायला कुठेही बंदी नाही. मी दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी नेते. स्टीलची रिकामी बाटली न्यायची आणि तपासणी झाल्यावर पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरून घ्यायची.

मुळामुठा

पुण्याच्या विमानतळावर आता उडान यात्री कॅफे आहे. डिसेंबर २०२४ मधे कोलकात्याला पहिला सुरू झाला, नंतर इतर काही ठिकाणी आणि पुण्यातही आला. चहा दहा रुपये, पाण्याची बाटली दहा, कॉफी आणि सामोसा वीस-वीस. चहा प्यायलोय, चांगला असतो. आधी तो कुठे आहे ते विचारून घ्या, कारण समोर दिसतात ती महागडी दुकानंच.

गिरगावकर_काका

मुंबईकरांसाठी.

भुयारी मेट्रो, म्हणजे तीन नंबरची ॲक्वा लाइन, ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण धावते. टर्मिनल एक आणि टर्मिनल दोन, दोन्हींना स्वतंत्र स्टेशन आहे. पूर्ण मार्गाचं सगळ्यात जास्त भाडं सत्तर रुपये. गिरगावातून टॅक्सीला मी सहाशे-सातशे देत होतो. घाटकोपर-वर्सोवा मेट्रोवाल्यांनी मरोळ नाक्याला बदलायचं, पुढचंच स्टेशन टर्मिनल दोन.

देशातल्या विमानाने टर्मिनल एकला उतरून दोनवरून परदेशी जायचं असेल तरीही हीच मेट्रो. मधे फक्त सहार रोड हे एक स्टेशन. पूर्वी या एवढ्याशा अंतराला टॅक्सीवाले काय काय मागायचे ते मी पाहिलेलं आहे.

एकच अडचण. रात्री साडेदहाच्या सुमारास मेट्रो थांबते, आणि परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर असतात. तेव्हा सरळ लवकर निघा आणि आत जाऊन बसा. पण तिथे चार तास बसून खाण्यावर पाचशे खर्च होणार असतील तर टॅक्सीच बरी, हाही हिशेब करा.

वऱ्हाडी_ठेचा

काका, तरुण माणसाला एका बॅगेनिशी ठीक आहे. पण सत्तरीच्या आईबाबांना चार मोठ्या बॅगा घेऊन मेट्रोत घालू नका. तिथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

गिरगावकर_काका

मान्य. मी पासष्टीचा आहे, पण एकच बॅग असते माझी.

पिंपळपान

पुण्या-नाशिककडच्यांनी नवी मुंबईचा विमानतळही तपासावा. २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडतात. द्रुतगती मार्गाने पुण्याहून येताना सहारच्या बराच आधी पडतो, टॅक्सीचं भाडं आणि वेळ दोन्ही वाचतं. मात्र नुसतं तिकिटाचं भाडं बघू नका. यूडीएफ प्रत्येक विमानतळाचं वेगळं असतं, ते धरूनच एकूण रकमेची तुलना करा. चाफेकळीताईंनी सांगितलेली ती करांची फोड इथेही उपयोगी पडते.

कोकणवाट

सावंतवाडी, बांदा, वेंगुर्ले या भागातल्या लोकांनी गोव्याचा मोपा विमानतळ बघावाच. जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुरू झाली. आम्ही पूर्वी मुंबईला उतरून रात्रीची बस किंवा रेल्वे पकडायचो, आणि गणपतीत त्या दोन्हींची तिकिटं मिळत नाहीत. आता दिल्लीहून थेट मोपा, तिथून घर तासाभरात. सिंधुदुर्गात चिपी आहे, पण तिथली उड्डाणं कमी, त्यामुळे दोन्हीकडचे भाव आणि वेळा बघून ठरवा. मोपाहून कदंबाच्या बस पणजी, म्हापसा, मडगावला जातात. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त.

बाहेरगावीही हेच. बंगळुरूला वायु वज्र बस, हैदराबादला पुष्पक बस, दिल्लीला एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रो. उतरायच्या आधीच बसचा क्रमांक लिहून ठेवायचा, म्हणजे बाहेर आल्यावर टॅक्सीवाल्यांच्या गराड्यात मन डळमळत नाही.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून. परदेशी येणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी.

विमानतळावरच्या चलन बदलण्याच्या खिडकीवर मोठी रक्कम बदलू नका. माझ्या सासऱ्यांनी निघताना घाबरून तिथे पन्नास हजार बदलले. बँकेच्या दराशी ताडून पाहिलं तर साडेतीन हजारांच्या आसपास नुकसान झालं होतं. फॉरेक्स कार्ड, म्हणजे परकीय चलन भरलेलं कार्ड, आधी बँकेतून घ्या आणि हाताशी थोडे डॉलर ठेवा. दुकानात कार्ड वापरताना यंत्र विचारतं, "रुपयांत देणार की डॉलरमधे?" रुपये ओळखीचे वाटतात म्हणून आपली माणसं तेच दाबतात. तिथे नेहमी स्थानिक चलन निवडायचं. रुपये निवडले की दुकानाच्या बाजूचा दर लागतो आणि तो वाईटच असतो.

भारतात सामानाची ट्रॉली फुकट असते. अमेरिकेत बऱ्याच विमानतळांवर तिचे पैसे पडतात. आईबाबांना चाकाच्या खुर्चीची मदत हवी असेल तर ती तिकिटाबरोबरच नोंदवा, तिचा वेगळा आकार नसतो. खरी गरज असलेल्यांनीच घ्या मात्र, कारण खुर्च्या कमी पडतात आणि ज्यांना चालताच येत नाही ते ताटकळतात.

आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून स्वस्तात प्रवास बसवू नका. पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी काहीच देणं लागत नाही. एकाच पीएनआरवर असाल तर पुढे पोचवायची जबाबदारी त्यांची.

सह्यगंध

क्रेडिट कार्डवर विमानतळावरचा लाउंज, म्हणजे बसायची-जेवायची खास खोली, मिळतो, दोन रुपयांत पोटभर जेवण होतं. हे कोणीच कसं लिहिलं नाही?

मुळामुठा

मिळतो, पण आता बऱ्याच बँकांनी आधीच्या तिमाहीत अमुक इतका खर्च केला असेल तरच अशी अट घातली आहे. कार्ड असेलच तर वापरा. वर्षातून दोनदा विमानात बसणाऱ्याने फक्त लाउंजसाठी वार्षिक फी भरून कार्ड घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

निवृत्त_मास्तर

आपण खर्च टाळण्याबद्दल बोलतो आहोत. कंपनीने आपल्याला द्यायचे असतात त्या पैशांबद्दलही लिहायला हवं.

मी आणि सौ. वेळेत विमानतळावर पोचलो होतो, चेक-इन झालेलं होतं. दारापाशी सांगितलं, विमान भरलं, तुम्ही दोघं उद्या सकाळच्या विमानाने जा. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांनी दोन कूपनं हातात ठेवली आणि एका कागदावर सही मागितली. मी सही केली नाही, आधी कागद वाचला. त्यात 'मी स्वेच्छेने जागा सोडत आहे' असं होतं. स्वेच्छेने सोडली असं लिहून दिलं की भरपाईचा हक्क जातो. मी शांतपणे सांगितलं की स्वेच्छेने सोडत नाही, तसं लिहून द्या.

नियम असा आहे. जागा नाकारली आणि तासाभराच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही. चोवीस तासांच्या आतलं दिलं तर मूळ एकेरी भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या दुप्पट, कमाल दहा हजार रुपये. त्याहून उशिराचं दिलं तर चौपट, कमाल वीस हजार. आम्हाला दोघांचे मिळून चौदा हजार मिळाले, पण एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवल्यावर, दीड महिन्याने.

विमान उशिरा असेल तर खाणंपिणंही त्यांनीच द्यायचं. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाला दोन तासांचा उशीर झाला की हा हक्क लागू होतो. मागितल्याशिवाय पुष्कळदा देत नाहीत. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतलं एक आपण निवडायचं.

दारापाशी उभं राहून वाद घालू नये, आवाज चढवू नये. तिथल्या मुलांच्या हातात काही नसतं. फक्त प्रत्येक गोष्ट लेखी मागावी आणि सूचनाफलकाचा फोटो काढून ठेवावा.

रानजाई

मास्तर, सही करण्याआधी कागद वाचायचा हे माझ्या बाबांना आजच सांगते. ते दिसेल तिथे सही करतात.

तिकीटखिडकी

मास्तरांचा प्रतिसाद सगळ्यांनी जपून ठेवा.

चाफेकळीताईंनी त्या आधीच खूण केलेल्या विम्याचं लिहिलं होतं, ते राहून गेलं. आपण न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात घालणं हे नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालत नाही. पडद्याचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार करा.

नावात चूक झाली असेल तर चोवीस तासांत कंपनीला कळवा. तिच्या स्वतःच्या साइटवरून तिकीट काढलं असेल तर दुरुस्तीचे पैसे पडत नाहीत. प्रवासाला अजून बरेच दिवस असतील तर कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट निदान चोवीस तासांच्या आत विनाशुल्क रद्दही करता येतं. म्हणून पोर्टलवर शंभर-दोनशे स्वस्त दिसलं तरी मी कंपनीच्याच साइटवर जातो. विद्यार्थ्यांनी विद्यार्थी भाडं बघावं, बऱ्याच कंपन्या त्यात दहा किलो जास्त सामान देतात. ओळखपत्र मात्र जवळ हवं.

पांझराकाठ

मी धुळ्याचा, सध्या मुंबईत होस्टेलवर आहे. मार्चमधे बंगळुरूला मुलाखतीसाठी तिकीट काढलं होतं. मुलाखत आदल्या दिवशी ऑनलाइन केली, त्यामुळे गेलो नाही आणि तिकीट रद्दही केलं नाही. पोर्टलवरून काढलेलं होतं. तीन महिने झाले. आता काही मिळेल का? आणि मेलमधे नेमकं काय लिहायचं?

चाफेकळी

पांझराकाठ, मागून तर बघा. माझी मेल गेली तेव्हा प्रवासाची तारीख उलटून पाच महिने झाले होते. मी लिहिलं होतं ते जवळपास असंच :

"अमुक पीएनआरवर अमुक तारखेच्या विमानाने मी प्रवास केलेला नाही. मी मूळ भाड्याचा परतावा मागत नाही. डीजीसीएच्या परताव्याविषयीच्या नियमानुसार, प्रवास न केलेल्या तिकिटावरचे सर्व वैधानिक कर, विमानतळ वापर शुल्क आणि सुरक्षा शुल्क परत देणं बंधनकारक आहे. ती रक्कम ज्या मार्गाने भरली त्याच मार्गाने परत करावी. क्रेडिट शेल नको."

सोबत तिकिटाची पावती जोडा, जिच्यावर करांची फोड आहे ती. पोर्टलच्या पावतीत नुसतं 'कर आणि इतर' असं एकत्र दिसतं. कंपनीच्या साइटवर पीएनआर टाकून मूळ पावती काढून घ्या. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी तीच मेल पुन्हा, आणि मग मास्तरांनी सांगितलेलं एअरसेवा.

वाटसरू_सातारा

आमच्या तीनपैकी दोन तिकिटांच्या पावत्या सापडल्या. मेल गेल्या.

पांझराकाठ

ताई, पहिल्या मेलला "पोर्टलशी संपर्क साधा" असं उत्तर आलं. तिकीटखिडकी यांनी सांगितलं होतं तसं, जबाबदारी कंपनीची आहे असं लिहून परत पाठवली. आज सकाळी बँकेचा मेसेज आला, ६१८ रुपये जमा. आमच्या मेसचे सहा दिवस निघाले. माझ्या खोलीतल्या मित्राचंही एक तिकीट सुटलंय, त्याच्यासाठी तुमचा मजकूर घेतो आहे.